अभिनंदनाचा ठराव

"एवढी एक ओळ काढू या ना, मामा."

लवूमामा गॅलरीत खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होता. एका गालावरचा साबण अजून तसाच होता. त्याने मान न वळवता विचारलं, "कुठली?"

"'गिरणीतल्या आयाबहिणींचा खंदा पाठीराखा.' ही."

"का गं? मीच घातलीय ती. तुझ्या मसुद्यात सगळं होतं, पण जोर नव्हता. मानपत्रात थोडा जोर लागतो."

नीला हातातल्या कागदाची कड दुमडत उभी राहिली. आज तिच्या आजोबांना, गिरणी कामगार संघटनेचे जुने पुढारी गुणाजी घाडी यांना, पंचाहत्तर पुरी होत होती. संध्याकाळी पाच वाजता मुलुंड पूर्वेला शाळेच्या हॉलमध्ये गावमंडळातर्फे सत्कार होता. पत्रिका छापल्या होत्या, शाली आणल्या होत्या, आणि मानपत्र लिहून वाचायचं काम घरात सगळ्यात जास्त शिकलेल्या नातीकडे, म्हणजे नीलाकडे आलं होतं. त्यासाठी ती शनिवारीच चेंबूरहून मामाकडे मुक्कामाला आली होती.

तिचं शिक्षण नेमकं कसलं, हे मात्र घरात कोणालाच धड सांगता यायचं नाही. मामा मंडळात सांगायचा, "भाची एम.ए. करते. बायकांवर." समोरचा बुचकळ्यात पडला की पुढे जोडायचा, "नवीन निघालंय. फॉरेनमध्ये आहे." विद्यापीठात त्या अभ्यासाला स्वतःची खोलीसुद्धा नव्हती. इतिहासाची खोली सकाळी रिकामी असायची, तिथे अकराजणी बसायच्या. शिकवायला एक इतिहासाच्या बाई, एक अर्थशास्त्राचे सर, आठवड्यातून दोनदा कायदा शिकवायला येणाऱ्या वकीलबाई. नीलाने बी.ए.ला अर्थशास्त्र केलं होतं. मुंबईच्या गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या, यावर तिच्या पुस्तकात एक वाक्य होतं. एकच. तिची आजी सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात अठरा वर्षं होती, म्हणून ते वाक्य तिला खटकलं होतं. या नव्या अभ्यासात तिने प्रबंधाला तोच विषय घेतला. सरांनी आकडे दिले, वकीलबाईंनी करार कसा वाचायचा ते शिकवलं, इतिहासाच्या बाईंनी एका निवृत्त कारकुनाकडून आणलेल्या कामगार संघटनेच्या जुन्या फायली तिच्यापुढे ठेवल्या. तिघांचं जुळवत ती महिनाभर बसली, आणि गुरुवारी दुपारी त्यातून आजोबा निघाले.

"बोल की. का काढायची?" मामाने वस्तरा पाण्यात बुडवला.

नीलाने पर्समधून घडी केलेला झेरॉक्स काढला. मामाने हात पुसले, कागद उजेडाकडे धरला आणि वाचला. मग पुन्हा वाचला. खाली चार सह्या होत्या. तिसरी गुणाजी लाडू घाडी. 'ण'चा काना बाहेर ओढून मारलेला. घरातल्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तीच सही होती.

"कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही. आमच्या बाईंना माहितीये फाईलमध्ये आहे ते. माझे आजोबा आहेत हे माहीत नाही."

"मग फाडून टाक."

"मामा, ही झेरॉक्स आहे."

"तरी फाड." त्याने दार लोटून घेतलं. आवाज खाली आला. "हे बघ नीला, तू शिकलीस, मला कौतुक आहे. पण संध्याकाळी हॉलमध्ये दोनशे माणसं येणारेत. त्यातली निम्मी ब्याऐंशीच्या संपानंतर घरी बसलीत. कोण वॉचमन झाला, कोण वडे तळतो. गिरणी गेली, युनियन गेली. त्यांच्याकडे अभिमानाने बघायला एक म्हातारा उरलाय. तोही तुला आजच काढून घ्यायचाय?"

"मी फक्त एक ओळ काढायला सांगतेय."

"ओळ काढली की बाबा विचारणार का काढली. त्यांना मानपत्र पाठ झालंय. काल दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून." अर्धवट दाढीचा मामा एकदम थकलेला दिसला. "तू फार विचार करतेस. वाच आणि मोकळी हो."

तेवढ्यात बेल वाजली. नीलाने कागद पर्समध्ये सरकवला आणि पर्स आतल्या खोलीत पलंगावर टाकली.

*

नीलाची आई शेवंती माहुलच्या कोळणीकडून तिसऱ्यांच्या शिंपल्या घेऊन आली होती. ओली पिशवी लवूच्या बायकोच्या, रत्नप्रभावहिनीच्या हातात देत ती म्हणाली, "बाबांना आवडतात म्हणून. सकाळी सहाला गेले होते." तिची आई, रुक्मिणी, स्वयंपाकघरात खोबरं खवत होती. शेवंतीने दारातूनच विचारलं, "बरी आहेस?"

"आसंय. तू?"

"बरी."

मायलेकींचं बोलणं गेली तीस वर्षं एवढंच होतं. भांडण कधी झालं नव्हतं. शेवंती माहेरी येई, सगळ्यांना भेटे, आईला लागेल ते आणून देई. पण दोघीच स्वयंपाकघरात उरल्या की तिला बाहेर काहीतरी काम आठवत असे. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कारणही ठाऊक होतं. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं. आईचं गिरणीतलं काम सुटलं, आईने खानावळ सुरू केली, आणि बारा वर्षांची शेवंती पहाटे चौदा माणसांच्या भाकऱ्या थापायला बसली. दादा, म्हणजे लवू, शाळेत जात राहिला.

आताही ती आईकडे पाठ करून आतल्या खोलीत गेली. साडी बदलायची होती. पिन सापडेना म्हणून तिने लेकीची पर्स उघडली. घडी केलेला कागद वरच होता. त्यावर बापाची सही दिसली नसती तर तिने तो बाजूला ठेवला असता.

शेवंती वाचायची. दुपारी, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, हातात येईल ते वाचायची. हे मात्र तिने हळू वाचलं. पहिलं पान करारनामा होतं, त्यातलं सगळं कळलं नाही. जून अठ्ठावन्न. नवीन यंत्रं. वाइंडिंग खात्यातील बासष्ट स्त्री कामगार. दुसरं पान कार्यकारिणीच्या बैठकीचं इतिवृत्त होतं आणि ते तिला नीट कळलं.

'साचे (माग) खात्यातील चाळीस पुरुष कामगारांऐवजी वाइंडिंगमधील स्त्रिया कमी करण्यास समिती मान्यता देत आहे. स्त्रियांना घरी कमावता पुरुष असतो हे लक्षात घ्यावे, असे श्री. घाडी यांनी मांडले. व्यवस्थापनाने श्री. घाडी यांच्या पत्नीस कामावर ठेवण्याची तयारी दर्शविली असता त्यांनी ती नाकारली. या निःस्वार्थीपणाबद्दल सभेने त्यांच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत केला.'

नीला दारात उभी होती. "आई, तो माझा..."

"तू हे मला कधी सांगणार होतीस?"

"मला कळत नव्हतं कसं सांगू. मामा म्हणतो फाड."

"दादाने वाचलंय?" शेवंतीने कागदाची घडी घातली, पण परत दिली नाही. कमरेला खोचली. "जेवणं होऊ देत."

"आई, प्लीज. आज नको. संध्याकाळी..."

"तुझं ते शिक्षण कशासाठी आहे मग?" ती आवाज न चढवता म्हणाली. "मी रात्रपाळीच्या माणसांचे डबे करून तुला शिकवलं. मला वाटायचं, आपल्याला नाही कळलं ते हिला कळेल. आता कळलंय, तर आज नको?"

नीलाला इतिहासाच्या बाई आठवल्या. बाई वर्गात म्हणायच्या, कागद घाबरत नाही, तुम्ही का घाबरता. पण बाईंना हे घर माहीत नव्हतं.

*

जेवण झकास झालं होतं. गुणाजींनी तिसऱ्यांचं कालवण दोनदा घेतलं. हात धुऊन ते खिडकीपाशी खुर्चीत टेकले. नवा सदरा घडी मोडून टांगलेला होता, काळी टोपी ब्रश करून ठेवलेली होती. आज त्यांचं मन भरून आलं होतं. लवूने सगळं केलं होतं. रत्नप्रभा शाळेत शिकवते, रविवारीही तिला वह्या तपासायच्या असतात, तरी चार भाज्या केल्या. आणि नात मानपत्र वाचणार.

शेवंती समोर येऊन बसली. "बाबा, अठ्ठावन्न सालची एक गोष्ट विचारायची होती. वाइंडिंगच्या बायकांची."

"शेवंती," लवू म्हणाला. "आपण उद्या बोलू."

"तू गप रे दादा." तिने कागद काढला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला.

गुणाजींच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. नीलाला तेच सगळ्यात अवघड गेलं. म्हातारा खुशीत पुढे सरकला. "हो ठराव गावलो तुका? खंय गावलो? माका वाटला, ते कागद कधीच वाळवीन खाल्ले. नीला, ह्या मानपत्रात घालूक होया होता गो!"

शेवंती कागद तसाच धरून बसली. त्यांना वाटलं, पोरांना समजलं नसेल, समजावून सांगायला हवं.

"मालकान सांगितला, बासष्ट बायका नायतर चाळीस साचेवाले. चाळीस घरां उपाशी मरतली. काय करूचा? आमी चौघे रात्रभर बसलो. मगे साहेबान माका बाजूक घेतलो. म्हणालो, घाडी, तुमच्या मिसेसचा नाव आमी यादीतसून काढतो. मी म्हटलंय, नाय! सगळ्यांच्या बायका जातत, तर माझी पण जातली. माझ्या घरासाठी एक न्याय आणि लोकांसाठी एक, असां मी करूचंय नाय. सगळी सभा उभी रवली. टाळये! आयुष्यात माका तेवढो मान परत कधी गावलो नाय. घरात एक पगार कमी झालो, खानावळ घालूक लागली. पण तो त्याग मी केलंय. आनंदान केलंय."

स्वयंपाकघराच्या दारात रुक्मिणी उभी होती. हाताला भांड्यांची राख होती, ती पुसायची राहिली होती. ती किती वेळ उभी आहे, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"तुमी केलास?" ती म्हणाली.

"अगो, तुका तेव्हा सांगूक नाय, कारण..."

"नोकरी माझी होती."

गुणाजींचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. हजार माणसांपुढे गिरणीच्या गेटवर बोललेला माणूस या तीन शब्दांपुढे अडखळला. "तुझी म्हणजे... घरचीच ना गो. आपली."

"अठरा वर्षां माझे हात चालत होते. सुटलेलो धागो मी डोळे मिटून जोडी. जॉबर, आमचो मुकादम, नव्या पोरींका माझ्याकडे शिकूक धाडी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, थोडा कोरडा. "साहेबान माका ठेवूक सांगितल्यान आणि तुमी नको म्हटलास. माका एक शब्द इचारूक नाय."

"इचारलंय असतंय तर तू हो म्हटलं असतंस!"

"म्हटलंय असतंय."

"मगे बाकीच्या बायकांनी काय म्हटला असता?"

रुक्मिणी दारातल्या पाटावर बसली. बसताना तिने भिंतीला हात टेकला, भिंतीवर राखेचा पंजा उमटला. "बाकीच्या बायका," ती म्हणाली. "अंजना माझ्याकडे आली होती. मानखुर्दची अंजनाबाई. रांडाव बाय, दोन पोरां पदरात. तिच्या घरात खंयचो कमावतो पुरुष होतो ओ? ती म्हणाली, रुक्मिणी, लोक बोलतत की कमिटीन आमका विकल्यानी, तुझो घोव कमिटीत आसा, खरा काय ता सांग. आणि मी तिका दारातसून हाकलून घातलंय. माझे घरवाले तुमच्यासाठी लढले, म्हटलंय, तुमच्या जिभेक हाड नाय. एक अंजना नाय, दहा-बाराजणींका सांगितलंय. रस्त्यात, बाजारात. माझा ऐकून त्या गप रवल्या. माझी पण नोकरी गेली होती ना. म्हणून त्यांका माझा खरा वाटला."

लवूची नजर घड्याळाकडे गेली. लवूच्या मनात आलं, पाचला हॉल आहे, आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली.

गुणाजी म्हणाले, "माका तेव्हा बरोबर वाटला."

"व्हय," रुक्मिणी म्हणाली. "तुमका अजून वाटता. आता वाचून दाखवल्यान तेव्हा तुमी हसलास."

*

चार वाजता लवूने आईची विनवणी केली. स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या आहेत, दोन शाली आहेत, लोक काय म्हणतील. रुक्मिणी भांडी घासत राहिली. "माका येवचा नाय" एवढंच ती म्हणाली. मग लवू बायकोकडे वळला. "तू सांग ना तिला. तुझं ऐकते."

आतापर्यंत रत्नप्रभा नवऱ्याच्या बाजूने होती. म्हाताऱ्याचा दिवस आहे, तो गोड व्हावा, इतकंच तिचं म्हणणं होतं. आता तिने सासूच्या हातातली कढई घेतली आणि म्हणाली, "त्यांना यायचं नाही. गुडघा दुखतोय असं मी सांगेन सगळ्यांना. तुम्ही बाबांना घेऊन निघा, मी मागून येते."

"आणि मानपत्र कोण वाचणार?"

"तूच वाच, मामा," नीला म्हणाली. तिने ती ओळ पेन्सिलने खोडून कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो घडी करून खिशात घातला.

रिक्षात गुणाजी बाहेर बघत बसले होते. नवा सदरा मानेला टोचत होता. गळ्यापाशी बोट घालत ते म्हणाले, "लवू, ती ओळ वाचू नको."

"नाही वाचत, बाबा."

हॉल भरला होता. मंडळाचा बॅनर, झेंडूच्या माळा, पुढच्या रांगेत जुने साचेवाले. धोंडिराम, तुळशीदास, काठी टेकत आलेला काशीराम. गुणाजींना त्या चाळीस नावांतली सात-आठ तरी समोर दिसली. हे सगळे वाचले होते. ह्यांची घरं टिकली, पोरं वाढली. ते खोटं नव्हतं. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कोणीतरी शाल घडी करून ठेवली होती.

लवू माइकपुढे उभा राहिला. घसा खाकरला, वाचू लागला. चांगलं वाचत होता. माणसं मान डोलावत होती. आणि मग त्या भरात, खोडलेल्या ओळीपाशी तो क्षणभर थांबला आणि पुढे वाचून गेला, "गिरणीतल्या आयाबहिणींचा खंदा पाठीराखा!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत धोंडिराम सगळ्यात जोरात वाजवत होता. मागे बायकांच्या बाजूलाही वाजल्या. लवूने बापाकडे पाहिलं नाही.

मग गुणाजींना दोन शब्द बोलायला उठवलं. माइक खाली करून दिला. त्यांनी दोन्ही हात जोडले. बोलायचं ठरवलं असतं तर त्यांना शब्द होते, एवढ्या वेळात ते गोळाही झाले होते. 'ही ओळ माझी नव्हे.' चारच शब्द. त्यांनी समोर पाहिलं. शेवटच्या रांगेत एक म्हातारी डोळे पुसत होती. कोण ती, ओळखीची की परकी, एवढ्या लांबून दिसेना. पूर्वी असंच हजारो डोळ्यांपुढे उभं राहिलं की त्यांच्या छातीत काहीतरी पेटायचं. आज पेटलं नाही.

"तुमी सगळे इलास," ते म्हणाले, "माका लय बरा वाटला." आणि खाली बसले.

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा दाटून आला. पुन्हा टाळ्या पडल्या.

*

घरी तिघीच उरल्या होत्या. रुक्मिणीने कोरा चहा केला आणि तिघी स्वयंपाकघरातच जमिनीवर बसल्या. आज शेवंतीला बाहेर काही काम आठवलं नाही. तिला आईकडे बघवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं. तीस वर्षं ती चुकीच्या माणसावर रुसली होती. आईच्या आजारपणात ती कर्तव्य म्हणून आली, नीलाच्या बारशाला आईने पाळण्याची दोरी धरली तेव्हा तिने तोंड फिरवलं. आता आई अडुसष्टची. एवढं सगळं कसं भरून काढायचं, कुठून सुरुवात करायची?

"आजी," नीला म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी हे लिहिणार नाही. विषय बदलेन. वर्ष जाईल माझं, जाऊ दे. मी आधी तुलाच विचारायला हवं होतं. कागद शोधत बसले, आणि तू इथेच होतीस."

"लिव," रुक्मिणी म्हणाली. "तेंचा नाव पण लिव. पण माझा पण लिव. अंजनाक मी काय बोललंय ता लिव. तुमच्या त्या शिक्षणात आमका नुसत्या बिचाऱ्या करून ठेवू नको. मी काय तोंडात बोट घालून गप नव्हतंय. माझ्या तोंडान मी खोटा बोललंय."

"तुला माहीत नव्हतं."

"इचारलंय पण नाय. घोवाक एकदा तरी इचारूचा होता, ओ, लोक बोलतत ता खरा काय? भियालंय. खरा निघाला तर काय करूचा, म्हणून नाय इचारूक."

बाहेर खालच्या मजल्यावर कोणाचा तरी टीव्ही लागला. शेवंतीने कप खाली ठेवला.

"आई, मला हे आधी कळलं असतं तर मी तुझ्याशी अशी वागले नसते. मला वाटायचं तूच मला शाळेतून काढलंस. बाबांनी सही केली म्हणून हे सगळं..."

"नाय गो," रुक्मिणी म्हणाली.

"काय नाही?"

"तेंनी माझी नोकरी घालवली. तुझी शाळा मी घालवलंय. ता तेंच्या नावार घालू नको." तिने पदराने कपाळ पुसलं. "खानावळीक हात होये होते. लवू झिल होतो, पोरगो, तेका काढूचा माझ्या मनात सुद्धा येवक नाय. तू होतंस. तुझे बापूस म्हणाले पण होते, चेडवाक शिकू दे, आपण कसा तरी करू. मीच म्हटलंय, चेडू शिकून काय करतला. अठरा वर्षां मी कमावलंय, आणि मीच असां म्हटलंय."

शेवंती ऐकत होती. आताच हातात आलेलं काहीतरी कोणीतरी परत काढून घ्यावं, तसं तिला झालं.

"आणि आणखी एक," रुक्मिणी म्हणाली. "तुका म्हायत नाय. तुझी मास्तरीण घराकडे इल्ली. दोनदा."

"कोण? पुतळाबाई सावंत?"

"व्हय. उंच होती, चष्मो होतो. तू पाणी आणूक नळार गेलेलंस. ती म्हणाली, मुलीला काढू नका. फी मी माफ करून देते. मी तिका सांगितलंय, चेडवाचा मनच नाय शाळेत. तीच नको म्हणता."

नीलाने आईकडे पाहिलं. शेवंतीचा चेहरा हललाच नाही. नळावरून येताना एकदा जिन्यात बाई भेटल्या होत्या, ते तिला आता आठवलं. बाई काही न बोलता डोक्यावर हात ठेवून खाली उतरून गेल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षं तिला वाटत होतं, बाईंनी आपल्यासाठी एकदाही येऊन विचारलं नाही.

ओरडावं, उठून जावं, पर्स घेऊन सरळ चेंबूरची वाट धरावी, असं काहीतरी आता आपण करू, याची ती स्वतःच वाट बघत होती. त्यातलं काहीच झालं नाही. चहा संपला होता तरी तिने कप पुन्हा ओठाला लावला.

"आणखी काय म्हणाल्या बाई?" तिने विचारलं.

"हुशार आसा म्हणाली."

"असंच? हुशार आहे, एवढंच?"

"नाय, बरीच बोलत होती. वर्गात तू खंयची तरी..." रुक्मिणी थांबली. तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. बेचाळीस वर्षांची शेवंती गुडघ्याला मिठी मारून, मान पुढे काढून थांबली होती, आणि नीलाला दिसलं की आपली आई आता श्वाससुद्धा घेत नाहीये.



"नाय आठवत गो," रुक्मिणी म्हणाली. "माका तेव्हा ती कधी एकदा जाता असां झालेला. मी धड आयकूकच नाय."